ब्रिजला सुपर डिस्टॉर्शन आहे, नेकला काय लावावे?

मुक्त_षड्ज

गिटार लेस पॉल धाटणीची आहे. महोगनीची बॉडी, वर मेपल, चिकटवलेली नेक, २२ फ्रेट, स्केल ६२८ मिमी. दोन व्हॉल्यूम, दोन टोन, चारही पॉट (फिरवायचे रोधक) ५०० किलोओहमचे. ब्रिजच्या बाजूला डिमार्झिओचा सुपर डिस्टॉर्शन हा पिकअप (तारेचे कंपन विजेत बदलणारा भाग) बसवलेला आहे आणि त्याबद्दल तक्रार नाही. नेकला गिटारसोबत आलेला सिरॅमिक चुंबकाचा हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) आहे, वर धातूचे कव्हर. मल्टीमीटरवर १४.२ किलोओहम दाखवतो.

अडचण नेकची. क्लीनवर कॉर्ड वाजवली की खालच्या तीन तारा एकमेकींत मिसळून नुसता घुमारा येतो. गेन वाढवला की बाराव्या फ्रेटच्या खाली जाड तारांवर सूर ओळखू येत नाही. अॅम्पवर बास कमी केला तर ब्रिज पातळ होतो. ट्यूनिंग ड्रॉप डी (सर्वात जाड तार ई वरून डीवर उतरवलेली), तारा १० ते ५२ (इंचाच्या हजाराव्या भागात).

सुपर डिस्टॉर्शनच्या तोडीचा आवाज देणारा नेक पिकअप कोणता? की सेमोर डंकनचा १६-१७ किलोओहमचा एखादा घ्यावा, म्हणजे दोन्हींची पातळी सारखी राहील?

फ्लक्स

पातळी सारखी ठेवायला तोडीस तोड पिकअप शोधणे, इथूनच सगळे बिनसते. नेकच्या जागी तारेचा झोका ब्रिजपेक्षा बराच मोठा असतो. ब्रिजजवळ तार जेमतेम हलते, म्हणून तिथे जास्त वळणे आणि जोरदार चुंबक लागतो. तोच पिकअप नेकला लावलात तर तो ब्रिजवर मात करेल. शिवाय नेकच्या जागी मूळ स्वर, म्हणजे फंडामेंटल, सर्वात ठळक मिळतो आणि वरचे हार्मोनिक मागे पडतात. त्यामुळे तिथे बास आपोआपच जास्त असतो. तुमचा १४.२ किलोओहमचा सिरॅमिक त्या बासलाच खतपाणी घालतोय.

दुसरे, किलोओहम म्हणजे आउटपुट नव्हे. मीटर दाखवतो तो तांब्याच्या तारेचा डीसी रोध. तार जितकी बारीक, तितका दर वळणामागे रोध जास्त. डिमार्झिओचेच आकडे घ्या: टोन झोन १७.३ किलोओहम आणि ३७५ मिलिव्होल्ट, सुपर डिस्टॉर्शन १३.७ किलोओहम आणि ४२५ मिलिव्होल्ट. ओहम कमी असून आवाज मोठा. सेमोर डंकनचा जेबी १६.४ च्या आसपास मोजतो, कारण त्यात ४४ गेजची बारीक तार आहे. म्हणून तो सुपर डिस्टॉर्शनपेक्षा तगडा ठरत नाही.

आवाज गढूळ होतो तो इंडक्टन्समुळे, म्हणजे बदलत्या प्रवाहाला कॉइल करते त्या विरोधामुळे. पीएएफ धाटणीचा, म्हणजे जुन्या गिब्सन हंबकरसारखा, नेक पिकअप ४ ते ५ हेन्रीचा असतो, जास्त वळणांचा ७-८ किंवा जास्तीचा. पाच मीटरच्या केबलची कपॅसिटन्स साधारण ५०० पिकोफॅरड, पिकअपची आणि आतल्या वायरिंगची मिळून १०० धरा. ४.५ हेन्रीला रेझोनन्स (जिथे आवाज सर्वात ठळक) येतो ३ किलोहर्ट्झच्या आसपास, ८ हेन्रीला २.३ किलोहर्ट्झला. त्याच्या वरचे सगळे झपाट्याने उतरते. ब्रिजच्या जागी मुळातच ट्रेबल भरपूर, तिथे हे चालून जाते. नेकला तिथेच सूर हरवतो.

थोडक्यात, १६-१७ चा घेऊ नका. आगीतून फुफाट्यात जाल.

तांब्याची_तार

फ्लक्स यांच्याशी सहमत. आता नावे घेतो.

सेमोर डंकनचा जॅझ, नेक आवृत्ती: साडेसात-पावणेआठ किलोओहम, अल्निको ५ चुंबक. बास आवळलेला, वरचा भाग मोकळा. क्लीन कॉर्डमध्ये प्रत्येक तार वेगळी ऐकू येते. जेबीसोबत हाच पिकअप हॉट रॉडेड नावाच्या संचात कंपनी स्वतः विकते, म्हणजे तगड्या ब्रिजला हलक्या वाइंडिंगचा नेक ही काही चोरवाट नाही.

त्यांचाच ५९, नेक: ७.४ किलोओहम, अल्निको ५. मिड थोडे खोल, बास जॅझपेक्षा भरलेला. मेपल नेकच्या बोल्ट-ऑन (नेक स्क्रूने जोडलेल्या) गिटारीत सुंदर. महोगनीत, त्यात ड्रॉप डीला, जाड तारेवर थोडा फुगतो.

अल्निको २ प्रो: सौम्य, गोड, ब्लूजला छान. पण गेन चढवून भरभर वाजवायचे असेल तर बास मऊ पडतो. तुमची तक्रारच ती आहे, म्हणून हा नको.

डिमार्झिओचा एअर नॉर्टन: १२.६ किलोओहम, २७० मिलिव्होल्ट. आकडा बघून घाबरू नका, वर सांगितलेच आहे. चुंबक आणि पोल (तारांखालचे लोखंडी स्क्रू आणि खिळे) यांच्यात हवेची फट ठेवलेली असते, त्यामुळे तारेवरची ओढ कमी. लीडला गुळगुळीत, मिड भरलेले. सुपर डिस्टॉर्शनशी तुलना केली तर फरक साधारण ४ डेसिबलचा, तोही कागदावर. नेकच्या मोठ्या झोक्याने बराचसा भरून निघतो.

क्लीन कॉर्ड महत्त्वाच्या असतील तर जॅझ. लीड जास्त आणि क्लीन अधूनमधून असेल तर एअर नॉर्टन. मला विचाराल तर या गिटारीला जॅझ.

कोकणकडा

५९ वर जरा अन्याय होतोय. बासच्या बाजूने पिकअप दीड-दोन मिमी खाली घेतला आणि पोलचे स्क्रू वर काढले की महोगनीतही तो मोकळा वाजतो. जॅझ काही गिटारींत नको इतका पातळ लागतो, विशेषतः मिड खेचलेल्या अॅम्पवर.

तांब्याची_तार

@कोकणकडा, मान्य, पण ते ई स्टँडर्डला. ड्रॉप डीला खालची तार ७३ हर्ट्झवर उतरते आणि सैल होऊन झोका आणखी मोठा घेते. अॅम्प कोणता हे मुक्त_षड्ज यांनी सांगितले तर बरे. मिड आधीच खोल असलेला अॅम्प असेल तर तुमचा मुद्दा खरा.

मुक्त_षड्ज

अॅम्प मार्शल धाटणीचा, मिड भरपूर. क्लीन कॉर्ड महत्त्वाच्या. मग जॅझकडे झुकतोय. पण एक शंका: ब्रिज ४२५ मिलिव्होल्टचा आणि नेक त्याच्या निम्म्याचा, तर टॉगल (पिकअप निवडायचा स्विच) मध्ये ठेवल्यावर नेक ऐकू तरी येईल का? आणि दोन वेगळ्या कंपन्यांचे पिकअप एकत्र चालतात का?

फ्लक्स

मधल्या पोझिशनबद्दल अंदाज नेमका उलटा निघतो. दोन पिकअप समांतर जोडले की प्रत्येकाचा वाटा त्याच्या व्होल्टेजवर तर ठरतोच, पण त्याच्या इम्पिडन्सने (बदलत्या प्रवाहाला होणाऱ्या एकूण विरोधाने) भागूनही ठरतो. ज्याचा इम्पिडन्स कमी, त्याचे वजन जास्त. सोपे गणित करा: ब्रिज ४२५ मिलिव्होल्ट, इंडक्टन्स ८, भागाकार ५३. नेक २२५, इंडक्टन्स ४.५, भागाकार ५०. जवळपास बरोबरी. आकडे ढोबळ आहेत, पण दिशा हीच. कमी वळणांचा नेक मधल्या पोझिशनला दबत नाही. उलट दोन्ही तगडे असले की तिथे नुसता जाड गोळा ऐकू येतो.

एक लक्षात ठेवा, हे दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असतानाचे. एक कमी केला की पॉटचा रोध मध्ये येतो आणि सगळे प्रमाण बदलते.

सोल्डरगडी

दोन कंपन्यांचे चालतात, पण फेज (दोन्हींच्या तरंगांची दिशा) तपासल्याशिवाय सोल्डरिंग आयर्न गरम करू नका. फेज उलट असेल तर दोन्ही पिकअप एकेकटे उत्तम वाजतात आणि टॉगल मध्ये आणला की बास गायब, नाकातून आल्यासारखा पोकळ आवाज. लोकांना वाटते पिकअप खराब आला.

तपासायची रीत. मल्टीमीटर २० किलोओहमच्या रेंजवर हाताने लावा, ऑटो रेंजवर नको, तो आकडा शोधत बसतो. लाल प्रोब हॉट वायरला, काळा ग्राउंडला, मगरचिमट्याने पक्के पकडा. रीडिंग स्थिर होऊ द्या. लोखंडी स्क्रूड्रायव्हरची बाजू पोलवर टेकवा, पुन्हा स्थिर होऊ द्या, मग झटक्यात वर उचला. रीडिंग क्षणभर वर उडी मारेल किंवा खाली. कोणत्या बाजूला गेली ते लिहून ठेवा. दुसऱ्या पिकअपचेही असेच, प्रोब त्याच क्रमाने लावून. दोन्ही एकाच दिशेने गेले तर फेज जुळली. तीन-चार वेळा करा, एका उडीवर भरवसा नको. सुईचा मीटर असेल तर आणखी सोपे, मिलिव्होल्ट रेंजवर सुई कोणत्या बाजूला हलते ते उघड दिसते.

पिकअप गिटारीत जोडलेला असताना व्हॉल्यूम पॉटमधून मोजू नका. आणि टॉगल मध्ये ठेवून जॅकवर मोजलेत तर १३.७ आणि ७.७ चे समांतर, म्हणजे ४.९ च्या आसपास दिसेल. तो दोष नाही.

रंग. सेमोर डंकन: काळा हॉट, हिरवा आणि उघडी तार ग्राउंडला, लाल-पांढरा एकमेकांना जोडून वर स्लीव्ह. डिमार्झिओ: लाल हॉट, हिरवा आणि उघडी तार ग्राउंडला, काळा-पांढरा एकमेकांना. इथे हमखास चुकते: डिमार्झिओची सवय असलेला माणूस डंकनचा लाल हॉटला लावतो. मग एकच कॉइल वाजते किंवा काहीच वाजत नाही.

फेज उलट निघाली तर नव्या पिकअपचा हॉट आणि हिरवा आपसात बदला. उघडी तार मात्र ग्राउंडलाच राहू द्या, ती शील्ड आहे.

बाराखडी

याला पुरवणी. ही अदलाबदल चार-वायरच्या पिकअपलाच करा. जुन्या धाटणीच्या एक वायर अधिक विणलेली शील्ड असलेल्या पिकअपमध्ये शील्ड, खालची प्लेट आणि कव्हर हे सगळे ग्राउंडशी जोडलेले असते. तिथे उलटे केले की कव्हरच हॉट होते आणि बोट लागले की भणभणाट. अशा वेळी चुंबक काढून उलटा घालावा लागतो. किंवा सोपा मार्ग, चार वायरच्या सुपर डिस्टॉर्शनचाच लाल-हिरवा बदला, नेकला हात लावू नका.

रात्रपाळी

मधेच विचारतो. माझ्या गिटारीत ब्रिजला ईएमजी ८१ (बॅटरीवर चालणारा पिकअप) आहे. नेकला हा जॅझ चालेल का?

सोल्डरगडी

नाही, सरळ तरी नाही. ईएमजी ८१ च्या आत प्रीअॅम्प असतो आणि त्याला २५ किलोओहमचे पॉट लागतात. पॅसिव्ह पिकअप २५ किलोओहमला जोडला की ट्रेबल मरतो, घोंगडीतून आल्यासारखा आवाज. उलट ८१ ला ५०० चा पॉट लावला तर व्हॉल्यूम बटणासारखा वागतो, शेवटच्या थोड्या फेऱ्यातच सगळा बदल. ८१ सोबत नेकला ८५ किंवा ६० लावा. ८५ भरलेला, ६० क्लीनला जास्त मोकळा. तुमचा प्रश्न मुक्त_षड्ज यांच्यासारखा असेल तर ६०. बॅटरीची काळी वायर स्टिरिओ जॅकच्या रिंगला जाते, केबल काढली की बॅटरी बंद होते. जॅक मोनो लावला तर हे होणारच नाही.

शून्य_फ्रेट

हा धागा बोल्ट-ऑन एचएसएस (एक हंबकर, दोन सिंगल कॉइल) गिटारवाल्यांनाही उपयोगी पडेल म्हणून: ब्रिजला जेबी आणि नेकला सिंगल कॉइल, असे असेल तर पॉटचा तिढा येतो. हंबकरला ५००, सिंगल कॉइलला २५०. पॉट ५०० चा ठेवा आणि स्विचवर जिथे सिंगल कॉइलची हॉट वायर येते तिथून ग्राउंडला ४७० किलोओहमचा रेझिस्टर लावा. ५०० आणि ४७० समांतर मिळून २४२. सिंगल कॉइल निवडली तेव्हाच तो मध्ये येतो, ब्रिज एकटा असताना नाही. पाव वॅटचा रेझिस्टर पुरतो.

मुक्त_षड्ज

फेजची रीत समजली. रात्रपाळी, तुमच्यासाठी वेगळा धागा काढूया का? :)

पिकअप मागवण्याआधी सध्याच्याच नेकवर काही करून बघता येईल का? एका ठिकाणी वाचले की नेकच्या हॉट वायरमध्ये ०.०२२ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर सीरिजमध्ये घातला की बास कापला जातो.

फ्लक्स

०.०२२ ने काहीही ऐकू येणार नाही. तो आकडा टोन पॉटचा आहे, तिथून उचलून लोक इथे चिकटवतात. हिशोब बघा. सीरिज कॅपॅसिटरला पुढे दिसणारा भार: व्हॉल्यूम ५००, टोन ५००, अॅम्पचा इनपुट १ मेगाओहम. तिन्ही समांतर मिळून २०० किलोओहम. २२ नॅनोफॅरडला कट, म्हणजे जिथून खाली आवाज उतरतो तो बिंदू, लागतो ३६ हर्ट्झला. तुमची सर्वात खालची तार ७३ ची. तिथे जेमतेम १ डेसिबल कमी होईल.

१० नॅनोफॅरडला कट ८० हर्ट्झला, ४.७ ला १७० हर्ट्झला. ४.७ ने सर्वात खालच्या डी तारेवर ८ डेसिबल कमी होतात, वर जाताना उतार हळूहळू संपतो. गढूळपणासाठी ४.७ पासून सुरुवात करा. फार पातळ वाटले तर १०. दुकानात मागताना अंक सांगा: ४७२ म्हणजे ४.७ नॅनो, १०३ म्हणजे १०, २२३ म्हणजे २२. पॉलिएस्टरचे हिरवे चालतात, रुपया-दोन रुपयांचे काम. पुण्याची तपकीर गल्ली नाहीतर मुंबईचा लॅमिंग्टन रोड, कुठेही मिळतील. कायमचे लावण्याआधी दोन मगरचिमट्यांनी लावून ऐका.

कॅपॅसिटर पिकअप आणि व्हॉल्यूम पॉटच्या मध्ये. एक परिणाम सांगून ठेवतो: टॉगल मध्ये असताना त्या कॅपॅसिटरला भार म्हणून ब्रिज पिकअप दिसतो, २०० किलोओहम नव्हे, त्याच्या खूप कमी. त्यामुळे तिथे नेकचा बास जवळपास पूर्ण कापला जातो आणि मधला आवाज झिरझिरीत, किणकिणता होतो. काहींना तोच आवडतो.

तांब्याची_तार

आणि ते धातूचे कव्हर. स्वस्त पिकअपवर बहुधा पितळेचे असते, वर क्रोम. पितळेत एडी करंट जास्त फिरतात आणि वरचा ट्रेबल खातात. चांगल्या पिकअपवर जर्मन सिल्व्हरचे असते, त्यात हा त्रास बराच कमी. खालचे दोन सोल्डरचे ठिपके काढून कव्हर उतरवून ऐका, फुकटचा प्रयोग आहे. मेणात बुडवलेला असेल तर कव्हर ओढून काढू नका. हेअर ड्रायरने कोमट करा आणि सावकाश वर सरकवा, नाहीतर कॉइलची तार तुटली की पिकअप संपला.

बाराखडी

चार वायरचा असेल तर आणखी एक: सीरिजऐवजी पॅरलल. दोन्ही कॉइल समांतर जोडल्या की इंडक्टन्स साधारण पाव होतो, १४.२ किलोओहमचे ३.५ दिसतात, आवाज उजळतो आणि हम मात्र रद्दच राहतो. कॉइल स्प्लिटमध्ये (एकच कॉइल वापरली तर) ५० हर्ट्झचा गुणगुणाट येतो, पॅरललमध्ये नाही. सिरॅमिकच्या तगड्या पिकअपला पॅरलल स्प्लिटपेक्षा जास्त मानवते. पुश-पुल पॉट (ओढला की स्विचसारखा चालणारा) लागेल, किंवा नुसते ऐकून बघायचे तर वायरी हाताने जोडा.

मुक्त_षड्ज

कव्हर काढून आणि ४७२ लावून ऐकले. कव्हरने क्लीनवर फरक कळतो. कॅपॅसिटरने गेनवरचा गढूळपणा बराच गेला, पण क्लीन कॉर्डमध्ये अजूनही वरच्या तारा झाकलेल्या. पिकअपला दोनच वायरी, म्हणून पॅरलल नाही. जॅझ मागवला. बसवताना काय सांभाळायचे?

सोल्डरगडी

क्रमाने सांगतो.

आधी मापे. पोलचे अंतर दोन प्रकारात मिळते. नेकसाठी नेहमीचे, पहिल्या ते सहाव्या पोलपर्यंत ४९-५० मिमीचे घ्या. ५३ मिमीचे ट्रेमोलो ब्रिजसाठी असते, लेस पॉल धाटणीच्या नेकला नको. मग पिकअपचे पाय बघा. लांब पाय आणि उथळ खड्डा असे असेल तर पाय लाकडाला टेकतील आणि पिकअप खाली जाणारच नाही. तुम्हाला तो खालीच ठेवायचा आहे. खड्ड्याची खोली आधी मोजा.

उंचीचे स्क्रू हा छोटा पण डोकेदुखीचा भाग. अमेरिकन पिकअपच्या पायात इंची आटे असतात, आशियात बनलेल्या बऱ्याच गिटारींत मिमी आटे. जुने स्क्रू नव्या पायात दोन-तीन आटे जातात आणि अडकतात. जोर केलात तर पायातले आटे उडतात. नव्या पिकअपसोबत आलेले स्क्रू आणि स्प्रिंगच वापरा.

जुना काढताना टॉगल, पॉट यांचा फोटो काढा. तारा सैल करा, पण एकदम सगळ्या काढू नका, स्टॉपबार आणि ब्रिज निसटून वार्निशवर आपटतो.

सोल्डरिंग: ४० वॅटचे किंवा तापमान लावता येणारे स्टेशन, ३५०-३७० अंशांवर. ६०-४० चे रोझिन कोअर सोल्डर. पॉटच्या पाठीवर ग्राउंड जोडताना आधी पॉलिश पेपरने घासा, पाठीवर थोडे सोल्डर बसवा, मग वायर. २५ वॅटच्या बारीक सोल्डरिंग आयर्नने लोक दहा-पंधरा सेकंद धरून बसतात. पाठ तापत नाही, आतला कार्बन ट्रॅक मात्र भाजतो, आणि नंतर व्हॉल्यूम फिरवला की खरखर. जाड टोक, तीन-चार सेकंद, बाजूला व्हा. लाल-पांढऱ्याच्या जोडावर श्रिंक स्लीव्ह घालायला विसरू नका. तो जोड पॉटच्या पाठीला टेकला की एक कॉइल ग्राउंड होते, आवाज अर्धा आणि हम सुरू.

तारा चढवण्याआधी केबल अॅम्पला लावून स्क्रूड्रायव्हरने दोन्ही पिकअपच्या पोलवर हलके टकटक करा. स्क्रू आणि गुळगुळीत, दोन्ही रांगांवर आवाज आला पाहिजे. एकच रांग बोलत असेल तर वायरचा रंग चुकला आहे.

कोकणकडा

पॉट बदलायचा विचार असेल तर बाजारातले घेताना अक्षर बघा. आपल्याकडच्या दुकानांत ५०० चा पॉट मागितला की बहुतेक वेळा लिनिअर हातात पडतो, त्यावर बी ५०० के लिहिलेले असते. व्हॉल्यूमला ऑडिओ टेपर, म्हणजे ए. आणि बुशिंग (टॉपमधून वर येणारी आट्यांची नळी) आखूड असते, मेपल टॉप जाड असेल तर नट लागायला आटेच उरत नाहीत.

फ्लक्स

उंची. दोन्ही टोकांच्या तारा शेवटच्या, म्हणजे २२ व्या फ्रेटला दाबून ठेवा आणि तारेच्या खालच्या कडेपासून पोलपर्यंत मोजा. ब्रिजची सुरुवात: जाड तारेखाली २.४ मिमी, बारीक तारेखाली १.६. नेकची: जाड तारेखाली ३.२, बारीक तारेखाली २.४. स्क्रूचा एक पूर्ण फेरा म्हणजे साधारण अर्धा मिमी.

पातळी कायम क्लीनवर जुळवा. गेनवर कॉम्प्रेशन सगळे झाकते, तिथे दोन्ही सारखेच वाटतात. नेक स्थिर ठेवा, ब्रिज खाली करत जा. बहुतेक जण नेक वर आणतात आणि पुन्हा त्याच चिखलात उतरतात. सुपर डिस्टॉर्शन अर्धा-पाऊण मिमी खाली गेल्याने त्याचा दणका कमी होत नाही, उलट थोडा श्वास घेतो. त्यानंतरही फरक उरला तर नेकची फक्त बारीक तारांची बाजू वर घ्या.

शेवटी पोलचे स्क्रू. अंग थोडे खाली, स्क्रू दीड मिमीपर्यंत वर. जी तारेखालचा थोडा खाली ठेवा, साध्या तारेची जी नेहमी पुढे येते.

शून्य_फ्रेट

२४ फ्रेटच्या गिटारीवाले हा धागा वाचत असतील तर: ६४८ मिमी स्केलवर २२ व्या आणि २४ व्या फ्रेटमध्ये साधारण २० मिमी अंतर असते. नेक पिकअप तितका ब्रिजकडे ढकलला जातो, त्यामुळे बास मुळातच कमी मिळतो. तिथे जॅझ कोरडा वाटू शकतो आणि एअर नॉर्टनसारखा भरलेला पिकअप जास्त जमतो. इथला सल्ला डोळे झाकून उचलू नका.

मुक्त_षड्ज

बसवला. नोंदी देतो.

जॅझ ७.६८ किलोओहम, सुपर डिस्टॉर्शन १३.५. स्क्रूड्रायव्हरच्या चाचणीत दोन्हींची उडी विरुद्ध दिशेला, तीन वेळा तपासले. बाराखडी यांच्या सांगण्याप्रमाणे नेकला हात न लावता सुपर डिस्टॉर्शनचा लाल ग्राउंडला आणि हिरवा हॉटला केला, उघडी तार होती तिथेच. मधल्या पोझिशनला बास शाबूत.

सीरिज कॅपॅसिटर काढून टाकला. उंची अशी स्थिरावली: नेक ३.० आणि २.२, ब्रिज २.९ आणि २.१. ड्रॉप डीला खालच्या दोन तारांची पॉवर कॉर्ड गेनवर स्वच्छ, क्लीनवर सहाही तारा मोजता येतात. एकच गोष्ट उरली: नेकचा व्हॉल्यूम ७ वर आणला की ट्रेबल उतरतो.

तांब्याची_तार

नेकच्या व्हॉल्यूम पॉटवर, पिकअपची वायर येते तो पाय आणि मधला पाय यांच्यामध्ये ६८० पिकोफॅरड आणि १५० किलोओहम एकमेकांना समांतर जोडून लावा. नुसता कॅपॅसिटर लावला तर ५ च्या खाली आवाज टोचरा होतो, रेझिस्टर त्याला आवरतो. दुसरा मार्ग, टोनचा कॅपॅसिटर पिकअपच्या पायाऐवजी व्हॉल्यूमच्या मधल्या पायावर न्या, जुन्या पन्नाशीच्या दशकातल्या वायरिंगसारखा. त्यात वेगळा भाग लागत नाही, पण टोन आणि व्हॉल्यूम एकमेकांवर थोडे अवलंबून राहतात. दोन्ही एकदम करू नका.

सोल्डरगडी

६८० पिकोवर ६८१ लिहिलेले असते. आणि ब्रिजला हे लावू नका, तो उजेड तिथे नकोसा होईल.